दगडी बाळांना तेल

फ्राऊ क्योलरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं चर्च आहे. त्याची आणि आवारातल्या थडग्यांची देखभाल या बाई बघतात.

"तुमच्या सासूबाई इथे आहेत," त्या म्हणाल्या. "नंबर त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर मिळाला. दगडाला काहीतरी फासतायत. लगेच याल का?"

शेंदूरच असणार, मी मनात म्हटलं. सासूबाईंना एका जागी बसवत नाही, आणि दगड दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. जर्मनीत, या ब्राउनश्वाइगमध्ये, इतकी वर्षं राहून शेजारपाजारी आमची ओळख नव्हती, आता होणार होती ती अशी. जॅकेट अडकवलं आणि तणतणत निघाले.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या त्या माझ्या बाळंतपणासाठी. तिकीट आधीच काढलेलं होतं. पण सप्टेंबरमध्ये, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. माझ्या नवऱ्यानं, उत्कर्षनं त्यांना विचारलं, तिकीट रद्द करू का. त्या म्हणाल्या, कशाला, मी येतेच. आल्या, आणि बॅगेतून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, तेलाची बाटली असं एकेक काढून ओट्यावर मांडायला लागल्या. "चला, तुझ्या अंगाला तेल लावून देते," म्हणाल्या. मी म्हटलं, "बाळच नाही, तर बाळंतीण कुठली, आई?" त्यांनी बाटली उचलून ठेवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मीही काढला नाही. ऑफिसात उत्कर्षनं कळवलं, डॉक्टरांशी तोच बोलला. माझी मुलगी गेली, हे वाक्य मी कुठल्याच भाषेत उच्चारलं नव्हतं. ते एकदा तोंडातून निघालं की खरं होईल, अशी मला भीती वाटायची.

चर्चच्या भिंतीला टेकून जुन्या थडग्यांचे कोरीव दगड उभे आहेत. त्यातल्या एकापाशी सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. साडीवर उत्कर्षचं जॅकेट, पायात त्याचेच मोजे. दगडावर एक बाई कोरलेली होती, लांब झग्यातली, गळ्याभोवती चुण्यांची कॉलर. तिच्या पायाशी ओळीनं चार तान्ही बाळं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, नुसते चेहरे उघडे. बाकीचा दगड कोरडा, राखाडी. बाळं तेवढी काळपट आणि तुळतुळीत. शेंदूर कुठेच नव्हता.

"आई, काय चाललंय?"

"अगं, कातडी सुटलीय बघ यांची. ही थंडी. रोज थोडं थोडं लावते." बोलताना त्यांचा हात थांबला नव्हता. अंगठ्यानं एका बाळाच्या कपाळावरून कानापर्यंत, मग हनुवटीखाली, तान्ह्या बाळाला लावतात तसं.

शेजारी ती बाटली होती. घाण्यावरचं तिळाचं तेल, त्यात त्यांनी स्वतः वेखंड उकळून घातलेलं. अर्ध्याच्या वर संपलं होतं.

फ्राऊ क्योलर रागावल्या होत्या, पण आवाज चढवत नव्हत्या. "हा वालुकाश्म आहे. तेल आत मुरतं, मग आतलं पाणी बाहेर पडत नाही. बर्फ पडला की दगडाचे पापुद्रे निघतात. चेहरे जातील." मग त्यांनी मला विचारलं, "पण त्या हे का करतात? तुमचा धर्म आहे का?"

हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. धर्म म्हटलं की इथे लोक पुढे विचारत नाहीत. गेनाऊ, अगदी बरोबर, आमच्यात असंच असतं, सॉरी, आणि आम्ही घरी. मी तोंडही उघडलं होतं. पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, तेलकट हात मांडीवर उलटे ठेवून, आणि मला ते खोटं बोलवेना.

"हे तेल माझ्या बाळासाठी होतं," मी जर्मनमध्ये म्हणाले. "आमच्याकडे आजी बाळाला रोज तेल लावते. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये गेली. जन्माआधीच."

भयंकर सोपं वाक्य होतं. फ्राऊ क्योलरनी हातमोजा काढला आणि माझा दंड धरला.

"आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या. "एक माणूस आहे, तो लेप लावून तेल ओढून घेतो. बरंचसं निघेल. आणि शनिवारी आम्ही हिवाळ्यासाठी या दगडांवर लाकडी पेट्या बसवणार आहोत. माणसं कमी आहेत."

मी सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या खजील झाल्या. "त्यांना सांग, चुकलं माझं," म्हणाल्या. मग, "पेटी म्हणजे पांघरूणच ना? मग बरंय."

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा लेपवाला येऊन गेलेला होता. बाळं पुन्हा राखाडी दिसत होती, एकाच्या गालावर तेवढा डाग उरला होता. उत्कर्षनं फळ्या धरल्या, मी स्क्रू दिले. शेवटची फळी लागायच्या आधी सासूबाई वाकल्या, हात न लावता. "निजा आता," म्हणाल्या. उत्कर्ष तोंड फिरवून उभा राहिला.

घरी आल्यावर त्या बाटली फडक्यानं पुसून, कागदात गुंडाळून बॅगेत ठेवायला निघाल्या. तळाशी बोटभर तेल होतं.

"आई," मी म्हटलं, "ते गरम करता का?"

त्यांनी वाटीत तेल गरम केलं, जमिनीवर जुनी चादर अंथरली, मला बसवलं. आपण समोर बसल्या आणि हातावर तेल घेतलं.

"तू तिला सात महिने वाढवलंस, अश्लेषा," त्या म्हणाल्या. "बाळ नसलं तरी बाळंतीण असतेच गं."

मी पाय पुढे केले.