रंगूनकडे जाणारी विमानं

बिरसीच्या माळावर गोऱ्यांनी विमानतळ बांधायला घेतला, तेव्हा आसपासच्या गावांतली बायामाणसं मुरूम वाहायला गेली. कामठ्याची शामकला त्यांतलीच. तिचा नवरा सेवकराम गोंदियाच्या रेल्वेत फिटरच्या हाताखाली काम शिकला आणि जास्त पगार मिळतो म्हणून थेट रंगूनच्या रेल्वे कारखान्यात जाऊन लागला. "घर भेटलं का तुले न्याले येतो," म्हणाला होता. मग जपान्यांनी रंगून घेतलं आणि टपालच बंद पडलं. शेजारी दीर केवळराम होता, पण त्याला त्याचाच संसार पेलवत नव्हता. शामकला एकटीपुरता भात रांधायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची.

धावपट्टी झाली तरी काम संपलं नाही. चाकांनी कडा उखडायच्या, बाया मुरूम टाकून धुम्मसाने ठोकायच्या. पुढे चार पंख्यांची अजस्र विमानं उतरायला लागली. एका सकाळी ती पोटात ओझं घेऊन, कशीबशी पळसांच्या शेंड्यांवरून उचलली गेली आणि उगवतीकडे वळली.

"आज बडा काम है," मुकादम ईश्वरदास म्हणाला. तो गोंदियाचा, गोऱ्यांच्या स्वयंपाक्याशी त्याची ऊठबस. "रंगून जा रहे हैं. रेलका कारखाना उडाने."

"पडू दे जपान्याच्या टकुऱ्यावर!" बाया हसल्या.

शामकलाचं धुम्मस हातातच राहिलं. "थिथं आपले लोकबी आहेत जी, मुकादम."

"होंगे. बमको क्या मालूम, कौन किसका है," तो बोलून गेला. मग तिचा नवरा कुठे असतो ते त्याला आठवलं आणि तो उगाच दुसऱ्या टोळीवर ओरडत निघून गेला.

दिवस मावळताना विमानं परतली. एकाची शेपटी फाटली होती. त्यातून उतरलेला तांबूस केसांचा पोरगेला गोरा बूट काढून गवतावर बसला. शामकला ईश्वरदासला जवळजवळ ओढतच त्याच्यापाशी घेऊन गेली.

"विचारा त्याले, खाली मानसं दिसले का?"

ईश्वरदासने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. गोऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"बोलता है, इतने ऊपरसे आदमी नहीं दिखता. सिर्फ धुआँ दिखता है."

"अन् कारखाना?"

"जल रहा था, बाई."

ती काम सोडेल असं ईश्वरदासला वाटलं. तिने सोडलं नाही. घरी बसून राहिली तर विमानं कधी गेली तेही कळलं नसतं. विमानं उडाली की शामकलाच्या मनात सेवकराम पळायला लागायचा. ती त्याला चरात लोळवायची, पुलाखाली दडवायची, जळत्या छपराखालून हात धरून ओढून काढायची. विमानं परत येईस्तोवर त्याला कुठेतरी सुखरूप नेऊन बसवायची. हे सांगावं असं गावात कुणी नव्हतं. केवळराम म्हणायचा, "जिता असंल तं येईल." देवाला मागावं तर काय मागावं? विमानं न परतोत म्हणावं, तर त्या पोरांच्याही आया कुठेतरी वाट पाहत असतील. परतोत म्हणावं, तर ती उद्या पुन्हा जातील.

लढाई संपली. विमानं गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चिचगडकडचा बकाराम नावाचा माणूस सेवकरामचं घर विचारत कामठ्याला आला. दोघे रंगूनला एकाच खोलीत राहायचे.

"जपानी येऊन राहिले म्हनल्यावर आमी पायीच निघालो, वयनी," तो ओसरीवर बसून सांगू लागला. "डोंगरात पटकी आली. सेवकरामनं एका नाल्याच्या काठी जीव सोडला. मी आसामात पोचलो, थिथंच रस्त्याच्या कामावर लागलो. लिहाले येत नाई, आता सुटलो तं पयले इथंच आलो."

"बॉम पडले तवा?"

"कोनते बॉम वो? गोऱ्याईचे? थे तं मागून, वरसभरानं पडले म्हनतात. सेवकराम तवा कुठं होता?"

शामकलाने मोठा श्वास सोडला. तिला हलकं वाटलं, खरोखर हलकं, आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. मग तिच्या ध्यानात आलं: जळत्या छपराखालून इतक्यांदा ओढून काढलेला तो माणूस तिथे नव्हताच. ती एकटीच पळत होती.

"पानी भेटलं का त्याले?"

"भेटलं," बकाराम जमिनीकडे बघत म्हणाला. "म्या पाजलं."



दुसऱ्या दिवशी केवळरामने सेवकरामच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि तलावाच्या पाळीखाली त्याला अग्नी दिला. बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. जाऊ म्हणाली, "रड ना वो बाई. आज आमच्या घरी नीज."

"नाई," शामकला म्हणाली. "मी माह्या घरी जातो."

घरी येऊन ती उंबऱ्यात बसली. सांज झाली, गुरं आली, शेजारच्या अंगणात धूर निघाला. ती बसूनच राहिली. आता कुणाची काळजी करायची, हेच तिला उमजेना.