अर्धं अस्वल

या सौद्यात मुलाला मिळण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तो हिशेबाचा पक्का. उजवा हात बायकोला शिकायला द्यायचा, त्यावरचे केस जायचे, आग व्हायची ती वेगळीच, आणि वर सोमवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ऑफिसात गेलं की सगळ्यांना आठवडाभराची फुकट करमणूक. म्हणून त्याने तो हात सरळ बगलेत दडवला.

"आई, तू हिला उशीवर शिकव ना."

"उशीला केस असते तर शिकवलं असतं," ताई म्हणाली.

गल्लीभर तिला ताईच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक उंच खुर्ची आणि मेण गरम करायचं भांडं, एवढ्या भांडवलावर तिने संसाराला हातभार लावला होता. वॅक्सिंगमध्ये तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण जन्मभर पट्ट्यांना हिसके देऊन तिच्या अंगठ्याचा सांधाच शेवटी संपावर गेला. डॉक्टरांनी ओढणं बंद म्हणून सांगितलं. आता ओढायचं ते सुनेने, नाहीतर पुढच्या खोलीला कुलूप. उद्या सकाळी शाळेतल्या बाई यायच्या होत्या. त्या ताईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या. त्या हसत गेल्या तर बाकीच्या येणार; हात चोळत गेल्या तर संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीला कळणार.

सून हौशी होती. पण तिने आजवर फक्त स्वतःच्या पोटरीवर पट्ट्या ओढल्या होत्या, आणि स्वतःचे केस ओढताना माणूस अंगचोरी करतोच. ताईच्या हाताचा उपयोग नव्हता. धंद्यापायी त्यावर औषधालाही केस उरला नव्हता. म्हणून नवऱ्याला गळ. आणि नवरा तर असा बगलेत हात घालून बसलेला.

ताईने मेणाचा थेंब मनगटावर घेऊन पाहिला आणि सुनेला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आधी पावडर, म्हणजे घाम सुकतो. केस ज्या अंगाला झोपलेत त्याच अंगाने मेण पसरायचं, आणि तेही पातळ; जाड थर आळशी माणसं लावतात. पट्टी दाबून बसवायची, एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्याने उलट्या अंगाला ओढायचं. आभाळाकडे नाही, कातडीला लगटून. आणि ओढली रे ओढली की तिथे तळवा ठेवायचा.

"तळव्याने काय होतं, आई?"

"आग विझते."

एवढ्यात आतल्या खोलीतून ताईचा म्हातारा आला. आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस; घरात कोणाचं काही अडलं की न बोलावता हजर. तो उंच खुर्चीत बसला आणि बाहीची गुंडी काढू लागला.

"घे गं पोरी. हा हात सरावाचा आहे."

होताच. ताई लग्नानंतर हे काम शिकली तेव्हा शिकवणारीने सांगितलं होतं, सरावाला हात आपापल्या घरून आणायचा. शेजारणींनी दारं लावून घेतली. नवऱ्याच्या अंगावर मात्र इतके केस, की कारखान्यात त्याला अस्वलच म्हणत. तो म्हणाला, अस्वलाचे चार केस गेले म्हणून अस्वल काही बोडकं होत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हात पसरून बसला. साखर-लिंबाचं मेण ती घरीच कढवायची. पहिलं भांडं इतकं आटलं की त्याचा दगड झाला. नवऱ्याने तो फोडून खिशात भरला आणि गोळ्या म्हणून चघळत कामावर गेला. दुसऱ्या भांड्याच्या वेळी तिने पट्टी केसांच्याच दिशेने ओढली. केस तिथेच राहिले आणि हात काळानिळा पडला. तो फक्त म्हणाला, "पंपसुद्धा उलटा जोडला की पाणी देत नाही. फिरवून बघ."

एक हात झाला आणि साखर संपली. ऐन उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. ताईला वाटलं, हौस असेल. तो निवृत्त झाला त्या दिवशी निरोपाच्या चहाला त्याच्या जोडीदाराने हसत हसत सांगितलं, की एकदा पाइपात हात घालताना बाही वर करावी लागली, आणि त्या दिवसापासून कारखान्यात याचं नाव 'अर्धं अस्वल' पडलं ते आजतागायत. घरी त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता.

आणि तळवा? तो शिकवणारीने सांगितलाच नव्हता. प्रत्येक हिसक्याला नवराच आपल्या दुसऱ्या हाताचा तळवा तिथे दाबून धरायचा, आणि एकदा म्हणाला, गिऱ्हाइकाला असं करत जा, बरं वाटतं. ताईचं नाव झालं ते त्या तळव्यावर. पण तोवर तिचा सराव संपला होता; त्याच्या हातावर तिचा तळवा पडायचा राहूनच गेला.

सुनेने मेणाची सुरी उचलली. ताईने तिचं मनगट धरलं.

"यांना नाही लावायचं."

"का? अस्वल म्हातारं झालं म्हणून?" म्हाताऱ्याने हसत विचारलं, पण बाही खाली केली नाही.

दुमडलेल्या बाहीखाली हात पडला होता. पिकलेले, विरळ केस. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी, त्यात रक्त पातळ करायची रोजची गोळी. ताईने सुनेला हळू आवाजात सांगितलं, की अशा हातावर पट्टी ओढली तर केसांआधी कातडी सुटते. हेही शिकून ठेव, कधी नाही म्हणायचं ते. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई, पण हे आलं. तो बसून राहिला. पंपाचा एखादा भाग भंगारात काढला की तो त्याकडे असाच बघत राहायचा.

मुलगाही बघत होता. त्याने बगलेतून हात काढला, स्टूल ओढलं आणि बापाशेजारी बसला.

"एकच पट्टी," तो बायकोला म्हणाला. "आणि ऑफिसात कोणी विचारलं तर भाजलं म्हणून सांगणार."

सुनेने पावडर लावली, मेण पातळ पसरलं, पट्टी दाबली, कातडी ताणली आणि ओढली. उलट्या अंगाला, लगटून, एका दमात. मुलगा ओरडला. केस सगळे पट्टीवर आले होते, आणि ते बघण्याच्या आनंदात सून पुढचं विसरली.

पण म्हाताऱ्याचा तळवा आधीच मुलाच्या हातावर जाऊन बसला होता.

"असं," तो सुनेला म्हणाला. "थोडा वेळ ठेवायचा."

मग एका पट्टीच्या चार झाल्या आणि पुढच्या तिन्ही वेळा सुनेचा तळवा वेळेवर पडला. म्हणजे सुनेला हात बसला, शाळेतल्या बाईंचं भय गेलं, पुढच्या खोलीचं कुलूप टळलं. मुलाचे केस गेले, ते महिनाभरात परत येतील. राहिला म्हातारा. त्याच्या हाताला आज मेणाचा थेंबही लागला नव्हता. ताईने त्याची बाही उलगडली. गुंडी लावायच्या आधी आपला दुखरा तळवा तिने त्याच्या हातावर ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.