आज किती गुलाबी

ह्यांची वाचा गेलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळली, जीभ ठीक, घसा ठीक. "बोलावंसं वाटलं की बोलतील." एवढं तर मलाही कळत होतं.

दवाखान्यातून आल्यापासून हे खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. जेवण भरवलं की जेवायचे, बाकी काही नाही. माझ्या तोंडाला तसा कधीच विसावा नसतो, पण समोरून साधं 'हं' येत नाही म्हटल्यावर माझंही अवसान गळायला लागलं. हे असेच राहिले तर मी कुणाशी भांडायचं?

त्यात सुनेने माळा आवरायला काढला. "आई, हा जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ का? उगाच जागा अडवून बसलाय." मी त्या डब्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे आणि मग भिंतीकडे.

त्याचं असं झालं होतं. आम्ही दोघं टेलिफोन डिरेक्टरीच्या ऑफिसात होतो. मी नावं आणि नंबर टाइप करायचे, हे शेजारी बसून तपासायचे. चूक दिसली तरी तोंडातून ब्र काढायचे नाहीत. टेबलावर बोटाने टक् करायचे. मला त्या टकटकीचा इतका राग यायचा की शेवटी लग्नच केलं. स्क्रीन तेव्हा काळा आणि अक्षरं हिरवी. दिवसभर हिरवं डोळ्यांत भरून बाहेर पडलं की जे जे पांढरं ते ते गुलाबी दिसायचं. कागद, दूध, समोरून येणाऱ्या माणसाचा सदरा. डोळे हिरव्याला विटतात म्हणून असं होतं, असं ऑफिसातला मेकॅनिक सांगायचा. घरी आल्यावर आम्ही या भिंतीसमोर बसायचो आणि हे विचारायचे, "आज किती गुलाबी?" सासूबाईंना वाटायचं, दोघांचंही डोकं फिरलंय. पुढे ऑफिसात रंगीत स्क्रीन आले. जुनी यंत्रं मोडीत निघाली, तेव्हा आमच्या टेबलावरचं आम्ही घरी घेऊन आलो. आणलं आणि माळ्यावर टाकलं.

"देऊ नकोस," मी सुनेला म्हटलं. "टेबलावर ठेव."

"चालू तरी होईल का?"

"न व्हायला काय झालं? मी नाही का होत रोज सकाळी?"

बटण दाबलं. आत पंखा खरखरला, तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. सून दचकली. मी म्हटलं, "स्क्रीनचं कार्ड नीट लागलेलं नाही, असं सांगतोय." उठल्या उठल्या हा डबा आपलं अंग चाचपून बघतो आणि कुठे दुखतंय ते शिट्टीत सांगतो. माणसांना ही सोय नाही.

झाकण काढून कार्ड उपसलं, त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला आणि परत घट्ट बसवलं. या वेळी एकच छोटी शिट्टी. स्क्रीन सावकाश उजळला, कोपऱ्यात मेमरीचे आकडे भराभर चढायला लागले. मग कुरकुर: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला कळ दाबा. कीबोर्डच नाही तर कळ कसली दाबू, डोंबल? त्याची वायर खोचली.

ह्यांची खुर्ची शेजारी ओढली, खिडकी लोटून घेतली आणि टाइप करत सुटले. शेजाऱ्यांची नावं, नातेवाइकांची, कधीच्या मेलेल्यांची, आठवतील तशी, पुढे नंबर. अंधारात एकेक हिरवं अक्षर उमलत होतं. दुपार आजची की ऑफिसातली, मला कळेना. मधेच वाटलं, आता चहा येईल, हे माझी बशी आपल्याकडे ओढतील. माझी बोटं आपली आपण चालत होती. अशा गुंगीत धाकट्या नणंदेच्या नंबरात एकाऐवजी सात पडला.

टक्.

माझे हात तिथेच थांबले. मी वळून बघितलं. ह्यांचं बोट टेबलावर होतं आणि नजर त्या सातावर.

मग काय, मी मुद्दाम चुकायला लागले. व्याह्यांचं आडनाव बिघडवलं. टक्. आमचाच नंबर उलटा लिहिला. टक् टक्. कळा अंदाजाने दाबत होते आणि बघत होते ह्यांच्याकडे. गालांवर हिरवा उजेड, डोळे ओळीमागून ओळ सरकणारे. असं बघायला मी ऑफिसातसुद्धा धजले नव्हते.

दिवेलागणीला सुनेने येऊन दिवा लावला. ह्यांनी सावकाश मान वळवली. भिंतीकडे बराच वेळ बघितलं. मग गंजलेल्या कडीसारखा आवाज आला.

"आज... किती गुलाबी?"

मी भिंत बघितली. पांढरीफटक. पोपडे आलेली, नेहमीची. असणारच, त्या पहिल्या टकटकीनंतर मी हिरव्याकडे बघितलंच कुठे होतं? पण हे उत्तराची वाट बघत होते. मी जन्मात ह्यांची मर्जी राखायला खोटं बोललेली बाई नाही.

"खूप," मी म्हटलं. "कधी नव्हती इतकी."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खुर्चीच्या हातावर बोट वाजलं.

टक्.

मला रडू आवरेना. "बरं बाबा, मला पांढरीच दिसतेय," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, किती?"