डावीकडची कमान

मागच्या उजव्या चाकावर ॲक्सलपासून चॅसिसपर्यंतचं अंतर पाच इंच भरलं. डाव्या चाकावर सव्वाचार. हिलालने जीपखाली आडवं पडून टेप पुन्हा लावली, फडक्याने पाट्यांवरचा चिखल पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच.

"हाई उलटंच शे," तो खालूनच म्हणाला. "जीप ड्रायव्हरकडे बठस. हाई डावीकडे कशी काय बठनी?"

जीपचा ड्रायव्हर सुकदेव शेजारीच उभा होता.

"पेशंटचं बाकडं डावीकडे आहे ना," कुंदाबाई म्हणाली. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्याची ती नर्स. "बाई झोपते ती डावीकडेच."

"पन्नास किलोनी बाई पाऊण इंच दाबत नही, ताई," असं म्हणून हिलाल बाहेर आला आणि अंगावरची माती झटकू लागला.

धुळ्याच्या आग्रा रोडवर कमानी दुरुस्त करणारी दुकानं बरीच होती. चाकावरचा पोलादी पाट्यांचा जुडगा म्हणजे कमान, आणि त्यातलं हिलालइतकं कोणाला कळत नाही, असं ट्रकवाले सांगत. दवाखान्याच्या जीपला कोणीतरी हौसेने जाड जाड पाटे घालून ठेवले होते. सिमेंटची पोती नेली तरी दबायची नाही. पण मागच्या उन्हाळ्यात उमरपाणीच्या पाड्यावरून कळा देत असलेल्या एका बाईने नाल्यातले तीन दणके सोसले आणि चौथ्याला ती ओरडली, मला उतरवा, मी चालत येते. ती खरंच उतरली. पाऊण मैल चालली. पुढे जीप आणि मागे ती, कुंदाबाईच्या खांद्यावर हात टाकून.

सुकदेवला ते तीन दणके पाठ होते. तिन्ही डाव्या चाकाचे.

दीड वर्षापासून त्याचा डावा डोळा धुरकटत आला होता. आता त्या बाजूला फक्त उजेड कळे, वस्तू नाही. दर हिवाळ्यात डोळ्यांच्या शिबिराला तोच म्हाताऱ्यांना जीपमधून न्यायचा. त्यांना आत सोडून स्वतः बाहेर चाकाला टेकून उभा राहायचा. ऑपरेशन झालेली माणसं जाड भिंगाचा चष्मा लावून चाचपडत बाहेर पडायची. तसा चष्मा लावलेला ड्रायव्हर त्याने कुठे पाहिला नव्हता. बायको, इंदिराबाई, रोज सकाळी डबा देताना विचारायची, "आज सांगशात ना ताईले?" तो म्हणायचा, "आज सांगस." सतरा वर्षं तो त्या जीपवर होता. पाड्यांवर त्याला कोणी सुकदेव म्हणत नसे, 'डायवर' म्हणत; कुंदाबाई तेवढी 'नाना' म्हणे.

कमानी मऊ करून घेऊ, हे त्यानेच कुंदाबाईच्या मागे लागून ठरवलं होतं. चाक खड्ड्यात गेलं तरी दणका वर आलाच नाही, तर कोणाचं काय बिघडतं?

"लोके पाटा वाढाडाले येतस, तुम्ही काढाले उनात!" हिलाल हसला.

"काढायचेच आहेत," कुंदाबाई म्हणाली. तिने पर्समधून लसीकरणाचं एक जुनं कार्ड काढलं आणि पाठीमागे आकडे मांडले. ती बारावीला सायन्सला होती, गणितात पहिली. "आता आठ मिलिमीटरचे सहा आहेत. त्याऐवजी पाचचे दहा घाला. पाटा अर्ध्या जाडीचा केला की आठपट लवतो. हे पाचाचे दहा मिळून आताच्या निम्मेसुद्धा कडक राहणार नाहीत."

हिलालने कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं. मग कोपऱ्यातला एक बारीक पाटा उचलून त्याचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं अंगठ्याने रेटलं.

"दहा," तो म्हणाला. "मना अंगठाबी दहाच सांगस. पन त्यान्हा खाले एक आखूड, सरळ पाटा घालसू. गाडी भरनी तरच तो टेकी."

"हे माझ्या गणितात नव्हतं," कुंदाबाईने कबूल केलं आणि कार्डावर लिहून घेतलं.

मग कामाला जोर चढला. जॅक लागले, बोल्ट सुटले, जुनी कमान घण घातल्यासारखी जमिनीवर आदळली. हिलाल एकेक पाटा ऐरणीवर ठेवून, न तापवता, गारच ठोकत होता आणि प्रत्येक ठोक्यागणिक पाट्याला बाक येत होता. कुंदाबाई खडूने जमिनीवर काढलेल्या रेषेवर तो ठेवून बघायची. "अजून दोन सूत बाक हवा!" तिच्या साडीच्या काठाला ग्रीस लागलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. सुकदेव पाट्यांना ग्रीस चोळत होता. एक वाजला तरी कोणाला जेवणाची आठवण झाली नाही.

दुपारी कुंदाबाई पाणी प्यायला समोरच्या टपरीवर गेली. हिलाल सुकदेवच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला आणि त्याने नट पुढे केला. सुकदेव समोर बघत ग्रीस चोळत राहिला. नट तसाच हवेत होता.

"कवयपासून दिसत नही?" हिलालने विचारलं.

सुकदेवचे हात थांबले.

"ताईले सांगशी का तू?"

"मी कमानी करस, चुगल्या नही." हिलालने नट त्याच्या हातात ठेवला. "तू सांग."

चार वाजता ते पांझरेच्या कोरड्या पात्रात उतरले. सकाळी येताना इथेच कुंदाबाईने काठोकाठ भरलेला तांब्या बाकड्याजवळ ठेवला होता आणि दोनशे पावलांत त्यात चार बोटं पाणी उरलं होतं. आता तिने तो पुन्हा भरला आणि स्वतः बाकड्यावर आडवी झाली.

"मी पेशंट. नाना, चला!"

"काय त्रास होतोय, बाई?" सुकदेवने विचारलं.

"जुळं आहे. लवकर चला!"

हिलाल काठावर उभा राहिला. सुकदेवने पहिला गिअर टाकला. उजवीकडचे धोंडे दिसत होते, ते त्याने चुकवले. डावीकडे पांढुरका उजेड होता. चाक कशावर तरी चढलं, त्याला ते स्टिअरिंगमधून कळलं. त्याने दात आवळून दणक्याची वाट पाहिली.

दणका आला नाही. जीप झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वर आली आणि खाली बसली.

"नाना!" मागून कुंदाबाई ओरडली. "धोंडा होता का तो?"

"होता वाटतं!"

"कळलासुद्धा नाही! पुन्हा!"

त्याने जीप वळवली. दुसऱ्यांदा जास्त वेगाने नेली. तिसऱ्यांदा तो मोठ्याने हसत होता आणि मागे कुंदाबाई पहाडात ऐकलेलं कसलंसं गाणं म्हणत होती. तांब्यातलं पाणी बोटभर कमी झालं होतं, तेही तिसऱ्या फेरीनंतर. तिने तांब्या दोन्ही हातांनी उचलून हिलालला दाखवला. हिलालने तो घेतला आणि सरळ तोंडाला लावला.

निघताना तो सुकदेवच्या खिडकीशी आला. "नऊ धोंडा व्हतात डावीकडे," तो हळूच म्हणाला. "सात चढनास तू. कमाननी बठ्ठा झाकी लिधात."

सुकदेवने मान हलवली. झाकून घेतले होते, हे खरंच होतं. आता कोणाला कळणार नव्हतं, वर्षभर तरी. परतीच्या वाटेवर नरडाण्यापर्यंत तो शीळ घालत आला. जीप पाण्यावर चालल्यासारखी चालत होती.

कुंदाबाई पुढच्या सीटवर बसून कार्डाच्या उरलेल्या जागेत नावं लिहीत होती.

"अकरा बाया आहेत वरच्या पाड्यांवर, या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या. आतापर्यंत गाडीत घालायची भीती वाटायची, म्हणून झोळीतून आणायचे. आता नाही." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सोमवारी पहिली उमरपाणीची. मागच्या वर्षी चालत आली ना, तिची जाऊ. नव्या घाटानं आणू. तासाभरात दवाखान्यात!"

"नवा घाट?"

"जंगलखात्यानं काढलाय तो. अरुंद आहे, पण तुम्ही काय, डोळे मिटून आणाल."

त्या घाटातून तो एकदा पायी उतरला होता. उतरताना दरी डाव्या हाताला होती. काठाला दगडसुद्धा लावलेले नव्हते.

सावळद्याच्या पुलावर तापीचा वारा आत आला. कुंदाबाईने कार्ड घट्ट धरलं. ती पुढे बोलत होती, गादी कुठली घ्यायची, सलाइनची बाटली टांगायला हूक कुठे लावायचा. पूल संपला. रस्ता सरळ होता, रिकामा, चांगल्या डांबराचा. सुकदेवने जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं, नाना? काही तुटलं का?"

"नाही. गाडी चांगली आहे." त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "ताई, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. सोमवारी दुसरा ड्रायव्हर बोलवा."