राजाची उडी

थांब गड्या, मधी बोलू नको, नुस्तं ऐक! मी एक जुना, काळा, बाभळीचा राजा हाय. बुद्धिबळाच्या पटावरला. पालमच्या लिंबाजी सुतारानं गाडीच्या उरल्या तुकड्यातून मला कोरलं, तेल-काजळी पाजली अन् डावाच्या वेड्या रायभानला दिलं.

मग काय, रोज पारावर डाव! समोरच्यानं प्यादं सारलं की रायभान बचाव सोडून उलटा वारच करी. हत्ती दे, उंट दे, घोडे घुसव. लोक त्याला 'विंचवाची नांगी' म्हणायचे. मी मधोमध उघडाच. पण भ्याव न्हाई. आमच्या देशी खेळात शह बसायच्या आधी राजाला एकडाव घोड्यासारखी उडी मारता येती. रायभान तिच्यावरच सुटायचा.

मग निजामाविरुद्ध झेंडा लावला म्हणून त्याचा धाकटा भाऊ मुंजाजी जेलात पडला. तिथं तापानं फणफणला. तेवढ्यात गंगाखेडला सामने भरले. निजामाचे एक बडे साहेब बोलले, "जो जितंल, त्याची एक अर्जी मंजूर." भावाला सोडवायला रायभान मला घेऊन उतरला.

कायदा विलायती, राजाला उडी न्हाई, हे पंचांनी आधीच सांगितलं. रायभाननं मान डोलावली. पैल्या डावांत उडी लागलीच न्हाई. पोचला की शेवटच्या डावाला!

समोर बन्सीधर वकील. नांगी अशी बसली, वकिलाला घाम फुटला! मग त्याचा वजीर माझ्यावर टपला. पुढच्या चालीला मात. घोडा मागं घेतला असता तर निभावलं असतं. पण रायभान हसला, मला उचललं अन् उडवलं!

"ओ पैलवान," वकील म्हणले, "हा तुमचा पार न्हाई. राजाला एकच घर."

"चुकलं, साहेब! घोडा चालतो."

पंच म्हणले, "हात राजाला लागला. आता राजाच हलंल."

"पाया पडतो, वकीलसाहेब! भाऊ मरायलाय माझा!"

वकिलानं पटावरून नजरच उचलली न्हाई. "चाला, रायभान."

मी ओरडायलो, पण लाकडाला कुठं तोंड! एक घर सरकलो. मात.

रायभान मला मुठीत आवळून भाईर आला. दारात त्याची माय, कडूबाई. मुंजाजीचा धुतला सदरा गाठोड्यात बांधून बसलेली.

"जितलास न्हवं बाबा? कवा सोडायलेत त्याला?"

गड्या, तू रायभानच्या जागी असतास तर मायला काय सांगितलं असतंस?