यमुनाबाईंची न घासलेली बरणी

मित्रांनो, माझ्याकडे बघून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुनी काचेची बरणी आहे, हे खरं. काठाला टवका उडालाय आणि पोटातून हिरवट झालेय, हेही खरं. पण दाभोळच्या खाडीकाठी मला बघायला माणसं पडवीत दाटी करून उभी राहत असत. उगाच नाही सांगत!

माझा जन्म भट्टीतला. कारागिराने नळीतून फुंकर मारली आणि मी टम्म फुगले. पहिली नोकरी मुंबईच्या बंदराजवळ, एका दुकानात, लिमलेटच्या गोळ्या सांभाळायची. पोरं माझ्याकडे बोट दाखवायची, पण त्यांचा जीव गोळ्यांवर. गोळ्या संपल्या की बरणीला कोण विचारतंय? असंच एकदा धूळ खात पडले असताना आत्माराम नावाच्या गड्याने मला विकत घेतलं. हा दाभोळचा. बोटीवर आगवाला होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा लोटायचा. पाणी ठेवायला म्हणून त्याने मला नेलं आणि मी सातासमुद्रापार गेले.

सन १९३७ मध्ये बोट जर्मनीच्या एका बंदराला लागली. तिथल्या दुकानात आत्मारामने ते मासे पाहिले आणि तो खुळावलाच. पेरभर लांबीचे, अंगावर झळझळीत निळी रेघ आणि शेपटीकडे ओल्या कुंकवाचा लाल रंग. दूरच्या कुठल्या रानातल्या नदीतून आणलेले, फार नाजूक. आत्मारामने अंगातला नवा कोट दुकानदाराला देऊन टाकला आणि मासे माझ्या पोटात घेतले. त्यांना थंडी सोसत नव्हती, ह्याच्या अंगात कोट नव्हता. मग आम्ही सगळे बॉयलरच्या उबेला राहिलो आणि घरी आलो.

गणपतीला घरी आलेला आत्माराम लगेच परत बोटीवर निघाला. जाताना बायकोला, राहीला, म्हणाला, "शिमग्याला येतो. तोवर हे जगव. दुसरं काही नको मला."

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याने राहीकडे काही मागितलं ते हे पहिलंच. आणि त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तरी काय होतं? मीठ किती घालायचं तेही सासूबाई ठरवायच्या. राहीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिची धडधड माझ्या काचेला लागली, मित्रांनो!

सासूबाई म्हणजे यमुनाबाई. बाई मनाची वाईट नव्हे, पण स्वच्छतेचं वेड भारी. त्यांच्या घरातल्या तांब्यापितळेत तोंड बघून कुंकू लावावं. रोज सकाळी राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसल्या की भांड्यांनी जीव मुठीत धरावा.

गाव तर लोटलं बघायला. खाडीकाठी जाळं टाकून पोट भरणारी माणसं. मासा पाळतात म्हटल्यावर हसून हसून लोळली. शेजारचा गंगाराम म्हणाला, "यमुनाबाई, तिरफळं आणून देऊ काय? पण रस्सा पुरायचा नाय हो, मुंगीला जेवायला बोलवावं लागेल!"

हसले खरे, पण हात कुणाचा आवरेना. दारी आलेला पाहुणा उपाशी कसा ठेवायचा? कुणी भाताचं शीत टाकी, कुणी भाकरीचा तुकडा, कुणी तर पोह्याचा लाडू कुस्करला! शितं तळाशी कुजत, मला वास येई. मग यमुनाबाई म्हणत, "शी शी, काय ही घाण!" मासे एका वाडग्यात ओतून माझं पाणी अंगणात फेकत, मला राखेने खसाखसा घासत आणि विहिरीचं गार पाणी भरून मासे परत टाकत. मी लखलखायची. माझं मेलीचं सुख बघा, चार लोक वाहवा करत होते तर मीही फुलून बसायची.

मासे मात्र फिके पडू लागले. निळी रेघ विझत आली. रोजच्या घासण्यानंतर ते काठाला येऊन धापा टाकत. एक मेला, मग दुसरा, मग तिसरा. राही न्हाणीत जाऊन रडायची. "आता हे आले की मी कुठल्या तोंडाने समोर उभी राहू?" असं एकदा मलाच म्हणाली. सासूला बोलायची मात्र छाती नव्हती.

एवढ्यात हर्णैहून निरोप आला. यमुनाबाईंची लेक जनी तिथे दिलेली, ती बाळंत झाली होती. यमुनाबाई बोचकं बांधून लेकीकडे गेल्या. राहीने पहिलं काम केलं ते माझ्या तोंडावर फडकं बांधलं आणि माशांना वाढायचा हक्क सगळ्या गावाकडून काढून घेतला! चिमूटभर सुकट कुटून तीच घाली. आणि भीतीपोटी तिने मला हातच लावला नाही. वरून वाटीभर पाणी काढायचं आणि चुलीजवळ ठेवलेलं तेवढंच दुसरं घालायचं. थंडी पडली तशी मला चुलीमागच्या कोनाड्यात बसवलं. हळूहळू माझ्या अंगाला आतून हिरवं शेवाळ धरलं. मला गुदगुल्या होत, लाजही वाटे. पण मासे! मासे पुन्हा पेटले. उरलेले सगळे जिवंत राहिले.

यमुनाबाई परतल्या, पाय धुतले आणि पहिली नजर गेली ती माझ्यावर.

"अगो बाय! घरात शेवाळ? लोक म्हणतील यमुनाबाईकडे भांडी घासत नाहीत! आण ती राख."

राही उठली आणि माझ्यापुढे उभी राहिली. "नाही आत्याबाई. हात नाही लावायचा."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही घासता आणि ते मरतात." ती माझ्यापुढून हलली नाही. "माझ्याकडे दिलेत ते सांभाळायला. खाडीला कुणी राख लावून घासतं का, आत्याबाई?"

चुलीवरची पेज उतू गेली तरी दोघी जागच्या हलेनात. मी तर डोळेच मिटले असते, पण काचेला कुठले डोळे मिटता येतात? यमुनाबाई पुढे आल्या, वाकल्या, माझ्या पोटाला नाक टेकवून आत बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मेले, लाल कसे झालेत गो!" त्या म्हणाल्या. मग हातातली शेंडी त्यांनी खाली ठेवली. "पेज उतू गेली बघ. मीठ तुझ्या मनाने घाल."

शिमग्याला आत्माराम आला. दारातूनच त्याने मला पाहिलं. "आयला, किती घाण झाली ही बरणी! आण, धुऊन टाकतो."

आतून यमुनाबाई गरजल्या, "हात लावून तर बघ! बोटीनं जग फिरतोस आणि एवढं कळत नाय? खाडीला कुणी राख लावून घासतं काय रे?"

राहीने पदर तोंडाला लावला. हसू काही तिला आवरेना.

ते मासे आपलं आयुष्य पुरं करून, म्हातारे होऊन गेले. मी रिकामी आहे, तरी त्याच कोनाड्यात आहे. मित्रांनो, कुणाचा नाजूक जीव हाती आला तर माया जरूर करा, पण रोज उठून त्याला घासत बसू नका. थोडं जुनं पाणी राहू द्या, थोडं हिरवं चालवून घ्या. मला पुसायला आजही कुणी पुढे झालं की यमुनाबाई आधी राहीकडे बघतात. राहीने मान हलवली, तरच फडकं माझ्या अंगाला लागतं.