आकड्याची आरती

पडद्यावरचा आकडा लाखाच्या वर सरकला आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पदर डोळ्यांना लावला. "आला! सूर्य आला!" माइकवरून मंडळ चालवणारा विक्रांतभिया ओरडला, आणि चक्क आरती सुरू झाली. देवाची नव्हे हं, आकड्याची! पडद्यावर डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका, त्याच्याशेजारी 'जोडलेले भक्त', पुढे तो आकडा, आणि त्याला तबक ओवाळणं चाललेलं.

पडदा उंच, हळदीकुंकवाचं बोट पोचेना. म्हणून कुमुदिनीआत्यानं ते आपल्या मोबाइललाच लावलं. बोट लागताच स्क्रीन सरकली आणि साडीच्या सेलची जाहिरात आली. आत्यानं तिलाही नमस्कार केला.

शेजारी बसलेल्या पूर्वाला हसू फुटलं. अकरावीतली मुलगी ती, हसू दाबून दाबून किती दाबणार! पण तिची नजर आत्याच्या पायाकडे गेली आणि हसू आपोआप विरलं. एवढ्या उकाड्यात आत्यानं पायात जाड मोजा घातला होता. आत चपलेनं लागलेली जखम होती. ती भरत नव्हती.

महाराजांचं नाव अंकानंद. प्रत्यक्ष कुणी पाहिलेले नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी ते आपल्या स्वतःच्या अ‍ॅपवर प्रकटायचे आणि राजवाड्यामागच्या या हॉलमध्ये विक्रांतभिया त्यांना पडद्यावर मोठं करून दाखवायचा.

"शंभर भक्त म्हणजे समई!" महाराज डोळे मिटून सांगत. "हजार भक्त म्हणजे होळी! आणि लाख भक्त म्हणजे साक्षात सूर्य! सूर्यापुढे साखर टिकेल? अहो, सुई टोचूनच बरं वाटत असतं तर डास डॉक्टर झाले नसते का? आपल्या मंडळात अठ्ठ्याण्णव टक्के भक्त ठणठणीत आहेत. मंडळाचं यश मोजायचंय? आकडा बघा! आकडा कधी खोटं बोलत नाही!"

आणि हे ऐकून आत्यानं इन्सुलिन बंद केलं होतं. पूर्वाची आई ऑफिसात, बाबा कामानिमित्त भोपाळला. पूर्वाला लहानाची मोठी केली ती या आत्यानं. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली, जन्मात खोटं न बोललेली. म्हणून तर दुसराही खोटं बोलत असेल हे तिच्या मनातच येत नव्हतं.

"आत्या, घे ना गं इंजेक्शन. प्लीज!" पूर्वा रोज पट्टी बदलताना म्हणायची.

"आकडा दीड लाखावर जाऊ दे, जखम आपोआप भरेल. तुझा फोन आण इकडे, त्यावरही लॉगिन करते."

"मी कुठे भक्त आहे?"

"फोन तर आहे ना? पंगतीत एक पान रिकामं ठेवतात का कुणी?"

मंडळातली प्रत्येक बाई हेच करायची. नवऱ्याचा फोन, नातवाचा टॅब, सगळे मिळून देवासमोर मांडायचे. घरात माणसं तीन आणि भक्त सात! भोळ्या मनानं केलेलं, पण मोजणीचं भजं तिथूनच व्हायला लागलेलं.

त्या गुरुवारी हॉलमध्ये आरती संपली तेव्हा पूर्वाच्या हातात दोन्ही फोन होते. सहज बघितलं, तर आत्याच्या फोनवर एक लाख बारा हजार आणि तिच्या फोनवर सत्त्याण्णव हजार. पडद्यावर तिसरंच काहीतरी!

"विक्रांतभिया, हे असं कसं?"

"बेटा, ज्याची जशी पात्रता तसा दिसतो."

"आकडा आहे की चष्म्याचा नंबर?"

"लय चालते हं तुझी जबान," तो हसत म्हणाला आणि तिथून सटकला.

पुढच्या गुरुवारी सकाळी जखमेच्या कडा काळ्या दिसल्या. पूर्वानं फोटो काढला आणि शाळा सुटल्यावर थेट तुकोगंजला डॉक्टर संजीवांचं क्लिनिक गाठलं. फोटो बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"आज घेऊन ये त्यांना. उद्यावर टाकलंस तर पाय वाचेल की नाही, मी सांगू शकत नाही."

बाहेरच्या बाकावर मनोरमाकाकू बसल्या होत्या. हॉलमध्ये त्या कायम आत्याच्या शेजारी बसत, मग अचानक दिसेनाशा झाल्या. श्रद्धा कमी पडली म्हणून सोडून गेल्या, असं आत्या म्हणायची.

"मी कशाला सोडू गं?" काकू चिडून म्हणाल्या. "गोळ्या बंद केल्या, तर चक्कर यायला लागली. अ‍ॅपवरच्या मंडळाच्या गटात तेवढंच लिहिलं. लिहून बोट उचलते न उचलते तोच मला बाहेर काढलं! फोन केले तर कुणी उचलेना. मतलब मी मेलेच त्यांच्यासाठी."

पूर्वा रिक्षात बसली तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. नापास मुलांची नावं हजेरीतून खोडायची आणि मग शाळेचा निकाल मिरवायचा! अठ्ठ्याण्णव टक्के का म्हणून, शंभर टक्के लागला असता की!

घरी आत्या नव्हती, हॉलवर गेली होती. पूर्वा तशीच धावली. आरतीची तयारी चालली होती. ती सरळ पुढे गेली आणि अ‍ॅप उघडून आपला फोन उंच धरून म्हणाली, "काकू, मावशी, एक मिनिट बघा सगळ्या. मी फोनचं इंटरनेट बंद करतेय. वायफाय बंद. आता या फोनमध्ये बाहेरून कुणीही येऊ शकत नाही."

फोनवरचे महाराज तोंड उघडं ठेवून जागच्या जागी गोठले, जांभई देताना फोटो काढावा तसे. पण कोपऱ्यातला आकडा? तो चढतच होता! एकेक, दोनदोन, खुशाल!

"हे नवे भक्त कुठून येतायत?" पूर्वानं विचारलं. "जिलेबीच्या वासानं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतल्या बायका चष्मे सावरत पुढे झाल्या.

"माणसं मोजतच नाही हे अ‍ॅप. प्रत्येक फोन आपल्या आपणच आकडा वाढवत बसतो. म्हणून तर दोन फोनवर दोन आकडे!"

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे!" विक्रांतभियानं माइक ओढला. "श्रद्धेची परीक्षा आहे ही!"

आत्या उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "पुरे, पूर्वा! आकडा खोटा असेल एक वेळ. पण बरे झालेले लोक? दर आठवड्याला लिहितात ते, मी वाचते."

"बरे न झालेले कुठे लिहितात, आत्या? मनोरमाकाकूंनी लिहिलं होतं. त्या आज दवाखान्यात भेटल्या मला." पूर्वानं खुर्चीवरचा आत्याचा फोन उचलून तिच्याच हातात दिला. "तू लिहून बघ. खोटं नको लिहूस. पायाचं जे आहे तेच लिही."

आत्या पुन्हा खुर्चीत बसली. मग तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझ्या पायाची जखम भरली नाही. वाढली आहे.' शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला.

निरोप गेला. दोन श्वास झाले असतील नसतील, स्क्रीनवर पाटी आली, 'आपण या मंडळाच्या सदस्य नाही.'

"ठरावीक शब्द टाकून ठेवले असणार त्यांनी," पूर्वा हळूच म्हणाली. "दुखतं, वाढलं, चक्कर. शब्द दिसला की माणूस बाहेर. कुणी वाचतही नाही."

आत्यानं मान वर केली. मोठ्या पडद्यावर महाराज हात उंचावून सांगत होते, "अठ्ठ्याण्णव टक्के!" आणि त्यांच्या डोक्याशी आकडा पुढे सरकत होता.

"मी बाहेर गेले," आत्या म्हणाली, "आणि हा वाढला?"

ती मोजा काढायला खाली वाकली, पण तो जखमेला चिकटला होता. पूर्वानं तिचा हात धरला आणि दोघी रिक्षाकडे निघाल्या.

आत्याचा पाय वाचला. दोन बोटं गेली. पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये खुर्च्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या, पण आरती झालीच. काही जणी आजही पूर्वाला रस्त्यात बघून तोंड फिरवतात. त्यांतल्या दोघींनी औषध बंद ठेवलंय हे तिला माहीत आहे, आणि त्यांच्या दाराची बेल वाजवायची तिला भीती वाटते. तरी ती वाजवते.

तुम्हीही वाजवा. कुणी मोठा आकडा दाखवून डोळे दिपवायला लागलं, तर हात जोडण्याआधी विचारा: मोजलं कुणी? कसं मोजलं? जे आले ते सांगितलेत, जे गेले ते का गेले? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका. विचारताना आवाज थरथरला तर थरथरू द्या, प्रश्न तरीही ऐकू जातो.